साथीचा रोग शहराला नेमका कुठे धरतो?

२०२० च्या उन्हाळ्यात कोल्हापुरात एक वाक्य जिथं तिथं कानावर यायचं. "मुंबई-पुण्यात गर्दी हाय, तिथं रोग पसरणारच. आपल्याकडं मोकळी हवा हाय." पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, राज्यातले बरेच जिल्हे निर्बंधांतून बाहेर पडत होते, तेव्हा बाधित सापडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये कोल्हापूर होतं. दुकानं बंद होती, व्यापारी आंदोलनाच्या पवित्र्यात होते. रंकाळ्यावरचा वारा आणि शहराभोवतीचा हिरवागार ऊस तर जागच्या जागीच होता.

याचं उत्तर शोधताना एक फरक आधी समजून घ्यावा लागतो. एका चौरस किलोमीटरात किती माणसं राहतात, ही एक गोष्ट. एका खोलीत किती माणसं झोपतात, ही दुसरी. साथ आली की आपण पहिलीबद्दल बोलतो आणि माणसं मरतात ती बहुतेक वेळा दुसरीमुळे.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी झाली. कोणाच्या शरीरात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं तयार झाली आहेत, म्हणजे कोणाला नकळत का होईना लागण होऊन गेली आहे, हे त्यात पाहिलं गेलं. झोपडपट्ट्यांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के निघालं, तर त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्के. वॉर्ड तेच, महापालिका तीच, हवाही तीच. इमारतीतल्या माणसाला दार लावून आत बसता येत होतं, आजारी माणसाला वेगळी खोली देता येत होती, संडास घरात होता. झोपडपट्टीत यातलं काहीच नव्हतं. मजल्यावर मजले चढवलेल्या सोसायटीतही एकराला भरपूर माणसं राहतात, पण ती एकमेकांच्या श्वासात राहत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. "घरातल्या घरात विलगीकरण करा" ही सूचना घराघरांत पोचली, तेव्हा ती या कुटुंबांनाही ऐकू येत होती.

पाणी, उंदीर, हवा

प्रत्येक मोठा रोग शहराचा एकेक भाग पकडतो. पटकी पाणी पकडते. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीने गेलेल्या माणसांची घरं नकाशावर मांडली आणि बोट एका हातपंपाकडे वळलं. चार वर्षांनी थेम्सच्या दुर्गंधीने तिथल्या संसदेला बसवेना, तेव्हा भुयारी गटारांच्या कामाला पैसे मंजूर झाले. स्वच्छ पाणी आत आणायचं आणि घाण पाणी झाकून बाहेर न्यायचं, ही आज साधी वाटणारी गोष्ट शहरांनी पटकीच्या भीतीने स्वीकारली. आपल्याकडेही नळाच्या पाण्याच्या योजना त्याच शतकातल्या. कळंबा तलाव तेव्हाचा, कोल्हापूरला पिण्याचं पाणी देण्यासाठी बांधलेला.

प्लेग उंदीर पकडतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं. धान्य तिथं उंदीर, उंदीर तिथं पिसवा, आणि पिसवेच्या चाव्यातून माणसाला गाठ. ही साखळी मात्र १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी दाखवून दिली. तोपर्यंत सरकारला एवढंच ठाऊक होतं की रोग 'घाणेरड्या' घरांत येतो. मग घरांवरच धाड पडली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात सोजिरांकरवी घरझडत्या झाल्या, सामान जाळलं गेलं, बायकांची तपासणी झाली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी वापरला तो हाच कायदा, १८९७ चा.

कोल्हापूर संस्थानात प्लेग आला तेव्हा शाहू महाराजांनी गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहण्यावर भर दिला. आमच्या भागात जुन्या घरांतून प्लेगच्या झोपड्यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात: उंदीर पडले की घराला कुलूप घालायचं, गुरंढोरं घेऊन रानात जायचं, पाऊस येईपर्यंत तिथंच. शास्त्राच्या हिशेबाने हा मार्ग बरोबर होता, कारण रोग घरातल्या उंदरांत होता आणि माणूस उंदरांपासून लांब जात होता. पण तो जमत होता तो दोन कारणांनी. गावाबाहेर मोकळी जमीन होती, आणि बहुतेकांचं काम शेतातच होतं. घर सोडलं तरी कामावरून हात निघत नव्हता.

मुंबईच्या गिरणी कामगाराचं तसं नव्हतं. तो मुंबई सोडून कोकणात, देशावर पळाला आणि गिरण्या ओस पडल्या. मग मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली, नाक्यावर उभं राहून एकमेकांवर चढ बोली लावावी लागली. एरवी महिन्या-दोन महिन्यांचा पगार अडकवून ठेवणारे मालक काही काळ का होईना जेरीला आले. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

१८९८ मध्ये मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरची हवा आतल्या वस्तीत शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट कापला गेला, सँडहर्स्ट रोड झाला, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. आज त्या रस्त्यांचं आणि वसाहतींचं कौतुक होतं, आणि ते रास्तही आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या त्या मानाने बांधल्या कमी. पाडलेल्या चाळींतली माणसं शेजारच्या चाळीत घुसली, तिथली भाडी वाढली, तिथली दाटी वाढली. रस्ता रुंद झाला आणि गरिबाची खोली आणखी अरुंद झाली. साथीचं नाव सांगून शहर सुधारायला घेतलं की हे हमखास होतं, आणि म्हणूनच 'स्वच्छता मोहीम' हा शब्द ऐकला की कोणाचं घर हलणार आहे, हे मी आधी विचारतो.

तिसरा भाग हवा. १९१८ चा इन्फ्लुएंझा, जुनी माणसं ज्याला मानमोडी म्हणत, जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. त्या वर्षी पाऊसही गेला होता. भारतात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं, ज्यात जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. इतकं होऊनही मानमोडीने आपल्या शहरांत मागे काय ठेवलं, हे शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. पटकीमुळे गटारं झाली, प्लेगमुळे रस्ते झाले. हवेतून येणाऱ्या रोगावर उपाय म्हणजे माणसामागे जास्त जागा, समोरासमोर दोन खिडक्या, आणि आजारपणात घरी बसलं तरी चूल पेटेल एवढी मिळकत. या गोष्टी जमिनीत पुरता येत नाहीत आणि त्यांचं उद्घाटनही होत नाही. त्या राहून गेल्या. शंभर वर्षांनी कोरोनाने तोच भाग पुन्हा पकडला.

शिरोलीतली एक खोली

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि चप्पल आठवते. पण या शहराचं पोट मोठ्या प्रमाणावर लोखंडावर चालतं. उद्यमनगर, पुलाची शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत इथल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे सुटे भाग देशभर आणि देशाबाहेर पाठवतात. साचा भरायचा, लोखंडाचा रस ओतायचा, थंड झाल्यावर वाळू झाडायची, कडा घासायच्या. यातलं अंगमेहनतीचं बरंचसं काम उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं करतात, बहुतेक ठेकेदाराच्या हाताखाली.

ही माणसं राहतात कुठं? वसाहतीलगतच्या गावांत शेतकऱ्यांनी शेताच्या कडेला खोल्यांच्या लायनी बांधल्या आहेत. एका ओळीत आठ-दहा खोल्या, दहा बाय बाराच्या. वर पत्रा. पुढं दार, आणि असलीच तर दाराशेजारी एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. मागची भिंत आंधळी, कारण पलीकडे दुसरी लाईन. टोकाला संडास आणि एक नळ. खोलीत दोरीवर कपडे, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, भिंतीला टेकवून गुंडाळलेली अंथरुणं. अशा खोलीत सहा-आठ जण राहतात, आणि तरीही रोजचं चालून जातं. कारण ते सगळे एका वेळी तिथं नसतात. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे येऊन त्याच अंथरुणावर आडवे होतात. खोलीचं भाडं, अंथरुणांची संख्या, संडासाची रांग, सगळा हिशेब निम्मी माणसं बाहेर आहेत असं धरूनच बसवलेला असतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठला देशबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी लागू झाली. भट्ट्या थांबल्या. पाळ्या थांबल्या. खोलीतले सगळे एकाच वेळी खोलीत आले. ज्या जागेत चार माणसं झोपत होती तिथं आठ माणसं दिवसरात्र बसली, वर एप्रिलचा पत्रा तापलेला. मे महिन्यात माणसं सायकलने, पायी, ट्रकच्या टपावर का निघाली, याचं उत्तर बेकारीत जेवढं आहे तेवढंच या हिशेबातही आहे. कारखाना हाच त्यांच्या घराचा अर्धा भाग होता, आणि तो बंद झाला होता.

आपल्या पेठांनाही हे थोड्याफार फरकाने लागू आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथली जुनी घरं आत शिरलं की दोन खोल्यांत संपतात. त्यांत तीन पिढ्या नांदल्या, कारण पुरुषमाणसं घरात फक्त जेवायला आणि झोपायला असत. बाकीचा दिवस तालमीत, कट्ट्यावर, मंडळाच्या खोलीत. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन उभी राहणारी माणसं दूध पितात आणि दिवसभराचं बोलूनही घेतात. बायकांसाठी दारातली पायरी, नळ, देऊळ. गल्ली ही त्या घरांची मोठी खोली आहे. तीच बंद केल्यावर उरलेल्या दोन खोल्यांत शाळेचा मोबाईल, आजोबांचा खोकला आणि रिकाम्या हाताने बसलेला कर्ता माणूस एकत्र आले. याच तालमींच्या आणि मंडळांच्या पोरांनी पुढे जेवणाचे डबे पोचवले, रुग्णांना खाटा शोधून दिल्या. गल्ली नुसती जागा नसते, ती माणसं असतात, हे तेव्हा दिसलं.

काम थांबतं तेव्हा काय काय थांबतं

साथीच्या काळात कामाचे ढोबळ तीन प्रकार पडतात. घरून करता येणारं काम. जागेवर जाऊनच करायचं, पण महिन्याचा पगार असलेलं काम. आणि रोज गेलं तरच रोज मिळणारं काम. आपल्या देशात दर दहा कामगारांतले साधारण नऊ असंघटित आहेत, आणि तिसऱ्या प्रकारातले बहुतेक त्यांच्यातलेच. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जास्त चर्चा झाली ती पहिल्या प्रकाराची. पुणे-बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन राजारामपुरीत, ताराबाई पार्कात परतलेल्या मुलांमुळे आता शहरं रिकामी होतील, गावं आयटीने भरतील, असे लेख आले. तसं झालं नाही, आणि होणारही नव्हतं. रस घरून ओतता येत नाही. बहुतेक कंपन्यांनी माणसं परत बोलावली, आणि कोल्हापूरची पोरं शुक्रवारी रात्रीच्या पुणे-कोल्हापूर गाड्यांत पुन्हा दिसू लागली.

खरा फटका कसा बसतो ते महाद्वार रोडवर पाहावं. अंबाबाईचं मंदिर मार्च २०२० मध्ये बंद झालं ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडलं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झालं ते ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. मधल्या काळात २०२० चं नवरात्र दर्शनाविना गेलं, आणि जोतिबाची चैत्र यात्रा सलग दोन वर्षं भरली नाही. एक भाविक कुटुंब पुण्याहून गाडीने येतं तेव्हा त्यांच्या एका दिवसात किती जण जेवतात, हे मोजून पाहा. पार्किंगवाला. ओटीचा खण-नारळ विकणारी बाई. तिला वेण्या देणारी, पहाटे फुलं ओवणारी दुसरी बाई. चप्पल लाईनमधला दुकानदार आणि त्याच्यासाठी तळवे शिवणारं गावाकडचं कुटुंब. गुजरीत साज घडवणारा कारागीर. मिसळवाला, त्याचा पाववाला, त्याच्याकडे भांडी घासणारी मावशी. यात्रीनिवासाच्या चादरी धुणारा परीट. देवळाचं दार बंद झालं तेव्हा बातमीत 'मंदिर बंद' एवढंच आलं. साखळीतला सगळ्यात शेवटचा माणूस, म्हणजे तळवे शिवणारा किंवा चादरी धुणारा, त्याच्यापर्यंत कोणतीच मदत पोचण्याची सोय नव्हती, कारण तो देवळाशी जोडलेला आहे हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

फेरीवाल्यांसाठी केंद्राने जून २०२० मध्ये स्वनिधी योजना आणली: १० हजारांचं कर्ज, वेळेवर फेडलं तर पुढे जास्त. योजना चांगली होती. रोजच्या व्याजाने उचल घेणाऱ्याला तिने खरोखर हात दिला. पण त्यासाठी पालिकेच्या यादीत नाव किंवा शिफारसपत्र हवं. ओटी विकणारीचं नाव यादीत असू शकतं. तिला पहाटे वेण्या ओवून देणारी घरात बसून काम करते, ती रस्त्यावर दिसतच नाही.

याच महिन्यांत माणसांचा उलटा प्रवास झाला. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडीची माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईत आहेत, आधी गिरण्यांत, मग हॉटेलांत, हमालीत, टॅक्सीवर. ती गावाकडे निघाली. किणी टोल नाक्यावर तपासणी, मग गावच्या शाळेत चौदा दिवस. काही गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या. ज्यांच्या मनीऑर्डरींवर गावची घरं उभी राहिली त्यांनाच दारात उभं राहून परवानगी मागावी लागली, हे मला आजही सहन होत नाही. देशभरात काय झालं ते सरकारच्या श्रमबळ पाहणीत उमटलं. शेतीवर असलेल्या कामगारांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के झाला. कितीतरी वर्षं हा आकडा खाली येत होता. रानात नवं काम निघालं नव्हतं. असलेल्या कामात जास्त हात वाटून घेत होते.

ऊसतोड मजुरांचं दुखणं वेगळंच. मार्चमध्ये गाळप हंगाम संपत आला होता आणि बीड-नगरकडची ही माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आवारात, उसाच्या पाचटाच्या कोप्यांत अडकली. १७ एप्रिलला त्यांना तपासणी करून गावी सोडण्याची परवानगी मिळाली तेव्हा अशा मजुरांची संख्या सव्वा लाखाच्या वर निघाली. सहा महिने ज्यांच्या कोयत्यावर जिल्ह्याची साखर चालते त्यांच्या राहण्याची व्यवस्था म्हणजे दोन कामट्या आणि पाचट.

मे महिन्यात परप्रांतीय कामगारांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या, कोल्हापूरहूनही सुटल्या. पुढे ट्रॅक्टरची मागणी वाढली, फौंड्र्यांना ऑर्डरी आल्या आणि साचे भरायला माणूस मिळेना. १८९७ च्या मुंबईसारखीच वेळ. देशभरातून ठेकेदारांनी कामगारांना आगाऊ पैसे आणि तिकिटं पाठवल्याच्या बातम्या आल्या. साथीनंतर मजुराची किंमत वाढते, हे फार जुनं आहे. चौदाव्या शतकात युरोपात काळ्या मृत्यूने माणसं कमी झाली आणि मजुरी चढली, तेव्हा इंग्लंडने १३५१ मध्ये कायदा करून ती साथीआधीच्या पातळीवर बांधायचा प्रयत्न केला. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षं बाजूला ठेवण्याचा अध्यादेश मंजूर केला. मजुराचं पारडं जड होऊ लागलं की ते खाली दाबायला हात येतोच, आणि तो बहुधा कायद्याचा असतो.

दुसऱ्या लाटेत इथल्या कारखान्यांना आणखी एक धडा मिळाला. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्राने मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला. ते योग्यच होतं. पण गॅस कटिंगवर चालणारी कितीतरी छोटी वर्कशॉपं त्यामुळे मालक-कामगार सगळे हजर असूनही बसून राहिली.

घर कोणाला मिळालं, भाडं कोणी भरलं

घरांबाबत सरकारने केलेल्या गोष्टी पाहिल्या की एक रेघ स्पष्ट दिसते. घर असलेल्यांना किंवा घेऊ शकणाऱ्यांना जे मिळालं ते लगेच आणि नक्की मिळालं. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, मार्च ते ऑगस्ट २०२०. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर आला आणि गृहकर्जं स्वस्त झाली. राज्याने ऑगस्टअखेर मुद्रांक शुल्कात मोठी कपात केली, डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांची, पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची. दस्त नोंदणीसाठी रांगा लागल्या. घरून काम करणाऱ्यांना एक जास्तीची खोली हवी होती आणि कळंबा, पाचगाव, उजळाईवाडी या बाजूंना रो-बंगल्यांचे फलक वाढत गेले.

भाडेकरूला काय मिळालं? २९ मार्च २०२० ला केंद्राने आदेश काढला की स्थलांतरित कामगारांकडून महिनाभर भाडं मागू नये. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने तीन महिने भाडं पुढे ढकलण्याची सूचना केली. शिरोलीच्या लायनीत राहणाऱ्याकडे ना करार, ना पावती. तो भाडेकरू आहे हेच सिद्ध होत नाही. घरमालकही कोणी धनदांडगा नव्हे. कर्ज काढून चार खोल्या बांधलेला, त्या भाड्यावर पोरीचं शिक्षण करणारा शेतकरी. त्याला 'भाडं सोड' म्हणणं सोपं, पण त्याचा हप्ता कोण भरणार हे आदेशात नव्हतं. विद्यापीठाच्या आसपास कॉट बेसिसवर मुलं ठेवणाऱ्या आणि मेस चालवणाऱ्या बायकांचीही हीच गत झाली. कॉलेजं बंद, खोल्या रिकाम्या, आणि मदतीच्या कुठल्याच रकान्यात त्या बसत नव्हत्या.

जुलै २०२० मध्ये केंद्राने कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. मला त्या वर्षातली ही सगळ्यात महत्त्वाची घोषणा वाटली होती. रिकामी सरकारी घरं भाड्याने द्यायची, उद्योगांनी आपल्या जागेवर कामगारांसाठी बांधायची. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी होती, म्हणजे भिंती होत्या आणि माणसंही होती. तरी घोषणेच्या मानाने या योजनेत देशभर जी घरं प्रत्यक्ष उभी राहिली ती फारच थोडी. कारणं समजण्यासारखी आहेत: भाड्याच्या घरात बांधणाऱ्याचा पैसा हळूहळू सुटतो, विकण्याच्या घरात चट्कन. उद्योजकाला शेडला लागणारी जागा खोल्यांना द्यायची नसते. आणि परप्रांतीय कामगार इथला मतदार नसतो.

कोल्हापुरात याला हद्दीचा पेच जोडलेला आहे. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली आणि पुढे कित्येक दशकं हद्द होती तिथंच राहिली. शहर मात्र उचगाव, पाचगाव, कळंब्यापर्यंत पसरलं. एकाच रस्त्याच्या या बाजूला महापालिकेचा दवाखाना आणि घंटागाडी, त्या बाजूला ग्रामपंचायत. वाढ जिथं होते तिथंच आरोग्याची आणि बांधकाम तपासण्याची यंत्रणा सर्वांत तोकडी. हद्दवाढीला गावांचा विरोध का आहे, कर वाढतील आणि सोयी येणार नाहीत ही भीती किती खरी आहे, हा स्वतंत्र विषय. पण एका खोलीत किती माणसं ठेवावीत आणि तिला किती खिडक्या असाव्यात हे पाहायला दोन्ही बाजूंनी कोणीच येत नाही, हे खरं आहे.

शिवाय इथं पंचगंगा आहे. धोक्याची पातळी ४३ फूट. जुलै २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट पुरती ओसरली नसताना, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, या भागांना पाणी पहिल्यांदा गाठतं. "अंतर ठेवा" असं वर्षभर ऐकलेली माणसं शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून शेजारी शेजारी झोपली. सखल जागेतलं घर आणि एका खोलीतलं घर ही बहुतेक वेळा एकाच मिळकतीची घरं असतात.

काय करता येईल, तर फार अवघड काही नाही. नव्या भाड्याच्या लायनींना समोरासमोर खिडक्या आणि माणसामागे किमान जागा, एवढा एक नियम औद्योगिक वसाहतींभोवतीच्या गावांत लागू करून तो पाळणाऱ्या शेतकऱ्याला स्वस्त कर्ज द्यावं. त्याच्यावर दंडुका उगारून खोल्या पाडल्या तर १८९८ च्या मुंबईसारखंच होईल, माणसं पुढच्या लायनीत कोंबली जातील. भाड्याची साधी पावती सक्तीची करावी, कारण त्या कागदावर रेशनपासून दवाखान्यापर्यंत बरंच काही उभं राहतं. साखर कारखान्यांनी ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी पक्क्या निवाऱ्याच्या ओळी आणि संडास बांधावेत. दर हंगामाला त्याच जागी माणसं येतात, हे काही अचानक उद्भवणारं संकट नाही.

पण आधी मोजायला हवं. २०२१ ची जनगणना कोरोनामुळेच पुढे गेली, म्हणून या लेखातले घरांचे आकडे २०११ चे आहेत. आता ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. घरयादीत कुटुंबाकडे राहण्याच्या खोल्या किती, माणसं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे विचारलं जातं. पुलाच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात प्रगणक सकाळी आला तर रातपाळीचे झोपलेले असतील आणि दिवसपाळीचे कामावर. दार उघडणारा एक जण बाकीच्यांची नावं सांगेलच असं नाही, आणि घरमालकाला खरा आकडा सांगायचा नसेल. ग्रामपंचायतींनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी त्या दिवसांत एकच करावं: पाळी सुटण्याच्या वेळेला प्रगणकाबरोबर लायनीत जावं आणि खोलीत जेवढी अंथरुणं आहेत त्यापेक्षा जास्त माणसं असतील, हे त्याला आधीच सांगावं.